तुम्ही कोण आहात, हे न विचारणारा कायदा

(पुण्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'अमेरिकेतली नोकरी आणि मुस्लिम स्त्री'. हा विषय ऐकला की लोकांना वाटतं, आता ही बाई विमानतळावरच्या झडतीबद्दल बोलणार, डोक्यावरच्या रुमालाबद्दल बोलणार. त्या गोष्टी माझ्याकडेही आहेत. पण आज मी एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो मला बोस्टनमधल्या एका वकिलाने विचारला होता, आणि त्याचं मी दिलेलं उत्तर आजही मला छळतं.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, खेडजवळच्या गावातली. आमच्या भागातली अर्धी घरं आखातातल्या पैशावर उभी आहेत. माझे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. सुट्टीवर आले की आम्ही विचारायचो, "सेठ कसा आहे?" ते एकच उत्तर द्यायचे, "चांगला आहे." बावीस वर्षांत दुसरं उत्तर ऐकलं नाही. मी लॅब टेक्निशियन झाले, लग्नानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यात गेले, तिथली परीक्षा दिली आणि बोस्टनजवळच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. पहिली चार वर्षं उत्तम गेली. मग नवी सुपरवायझर आली.

तिने काय केलं ते सांगायला गेलं तर फार क्षुल्लक वाटेल. शिफ्टचं वेळापत्रक आदल्या रात्री बदलायचं, आणि फक्त माझंच. सगळ्यांसमोर माझा रिपोर्ट वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, "हे शाळेतल्या पोरालाही जमलं असतं." बैठकीचा निरोप मला सोडून सगळ्यांना पाठवायचा आणि नंतर विचारायचं, "तू का नव्हतीस?" नव्या मशीनचं प्रशिक्षण मला द्यायचं नाही, आणि तीन महिन्यांनी मूल्यमापनात लिहायचं की हिला नवं मशीन येत नाही. मी बोलायला लागले की ती घड्याळाकडे बघायची. यातली एक गोष्ट एकदा झाली तर माणूस विसरून जातो. हे चौदा महिने चाललं.

रविवारची दुपार उलटली की माझ्या पोटात कळ यायची. केस गळायला लागले. रक्ताच्या नळीवर नाव चिकटवताना हात थरथरायचा, आणि आमच्या कामात नाव चुकलं तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. अम्मीला फोन केला की ती म्हणायची, "सबर कर गं. रोजी आहे. तुझ्या अब्बांनी नाही का काढली इतकी वर्षं?"

शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीने मी वकिलाकडे गेले. भला माणूस होता. त्याने तासभर सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि मग विचारलं, "ती तुमच्या धर्माबद्दल कधी काही बोलली का? तुमच्या कपड्यांबद्दल? तुमच्या देशाबद्दल?"

मी आठवायला लागले. नाही. कधीच नाही. रमजानमध्ये तिने मला इफ्तारच्या वेळी सुट्टीसुद्धा दिली होती. एकदा ती म्हणाली होती, "तुमच्याकडे असं चालत असेल." पण ते नमुने ठेवायच्या पद्धतीबद्दल होतं. वकील म्हणाला, "हे वाक्य थोडं ताणता येईल. नाही तर माझ्या हातात काही नाही. तिने केलं ते वाईट आहे, पण बेकायदा नाही."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. वाटलं, तिने माझ्या धर्माला एखादी शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं! माझ्या हातात पुरावा आला असता. आपल्याच धर्माचा अपमान व्हावा अशी इच्छा करायची वेळ माझ्यावर आली होती. गाडीत बसले आणि खूप रडले.

हे असं का झालं, ते नीट समजून घ्या.

अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. त्याचा सातवा भाग नोकरीबद्दल आहे. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश या कारणांवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. काळ्या लोकांनी रक्त आटवून मिळवलेला कायदा आहे तो, आणि आज तिथले मुसलमानही त्याच्याच आधाराने उभे आहेत. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्याची एक अट आहे. छळ झाला एवढं पुरत नाही, तो या पाचांपैकी एखाद्या कारणासाठी झाला हे दाखवावं लागतं. १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्टच केलं की हा कायदा म्हणजे कामाच्या जागी सभ्यपणे वागण्याची सर्वसाधारण संहिता नव्हे.

त्यात तिथली नोकरी म्हणजे मर्जीचा मामला. मॉन्टाना हे एक राज्य सोडलं, तर खासगी नोकरीतला मालक कारण न देता माणसाला काढू शकतो. युनियन असेल किंवा वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. मग मानसिक त्रासाचा साधा दावा लावावा, तर न्यायालयं म्हणतात, वागणूक कल्पनेपलीकडे भयंकर असली पाहिजे. रोज थोडं थोडं टोचणं त्या मापात बसत नाही.

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ होते. गोरे, आयरिश वंशाचे, कॅथलिक, सहा फूट उंच, सव्वीस वर्षांची नोकरी. मी त्यांना मनातल्या मनात 'मोठे साहेब' म्हणायचे. मला वाटायचं, या देशात यांना कोण हात लावणार? एकदा रात्रपाळीत मी जिन्याने खाली येत होते, तर ते पायरीवर बसून रडत होते. त्याच सुपरवायझरने त्यांची टेबलाची जागा काढून घेऊन त्यांना कोठाराशेजारी बसवलं होतं. सव्वीस वर्षं केलेलं काम काढून घेऊन नळ्या मोजायला लावल्या होत्या. तेही वकिलाकडे जाऊन आले होते. माझ्याकडे निदान एक ताणण्याजोगं वाक्य होतं, त्यांच्याकडे तेही नव्हतं. त्यांच्या हातात पाचांपैकी कुठलीच चिठ्ठी नव्हती.

त्या रात्री आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो आणि दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. तारखा वेगळ्या, वाक्यं जवळपास तीच. मी इतके महिने शोधत होते की ती मला मुसलमान म्हणून छळते, की परदेशी म्हणून, की बाई म्हणून. उत्तर समोर होतं. तिला छळता येत होतं आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ती छळत होती.

त्यांनीच मला त्या विधेयकाबद्दल सांगितलं.

बोस्टनच्या सफक विद्यापीठात कायदा शिकवणारे डेव्हिड यामाडा नावाचे प्राध्यापक आहेत. २००० साली त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला. मानसिक त्रासाचे जुने दावे तपासून त्यांनी दाखवलं की असे बहुतेक दावे न्यायालयात टिकत नाहीत, म्हणजे कायद्यात एक मोठं भोक आहे. ते बुजवायला त्यांनी एका विधेयकाचा मसुदा केला. त्याचं नाव 'हेल्दी वर्कप्लेस बिल', आपण त्याला निकोप कार्यस्थळ विधेयक म्हणू. दुसरीकडे गॅरी आणि रूथ नामी हे मानसशास्त्र शिकलेलं जोडपं होतं. रूथना स्वतःच्या नोकरीत हाच अनुभव आला होता. त्यांनी १९९७ मध्ये लोकांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली, पुढे संस्था काढली, पाहण्या केल्या आणि राज्याराज्यांत हे विधेयक नेणारी माणसं उभी केली. त्यांच्या संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ३० टक्के प्रौढ अमेरिकनांनी सांगितलं की आपण कामाच्या जागी असा छळ सोसलेला आहे.

विधेयकात काय आहे? मुद्दाम इजा व्हावी म्हणून कुणी सहकाऱ्याचा किंवा हाताखालच्या माणसाचा छळ केला, आणि त्यामुळे त्याच्या शरीराला किंवा मनाला खरंच अपाय झाला, तर तो बेकायदा. छळ म्हणजे काय तेही सांगितलं आहे. पुन्हा पुन्हा केलेला शाब्दिक अपमान, धमकावणारं किंवा मान खाली घालायला लावणारं वागणं, एखाद्याचं काम मुद्दाम बिघडवणं. एखादीच घटना सहसा चालणार नाही, ती फारच गंभीर असावी लागेल. मालकही जबाबदार धरला जाईल. पण त्याने आधीपासून योग्य काळजी घेतली असेल, तक्रारीची सोय ठेवली असेल, लगेच दखल घेतली असेल आणि कामगाराने त्या सोयीकडे विनाकारण पाठ फिरवली असेल, तर मालकाला बचाव आहे. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवता येणार नाही. सरकारी निरीक्षक नाही, नवं खातं नाही. ज्याला त्रास झाला त्यानेच न्यायालयात जायचं. मूळ मसुद्यात तर असंही होतं की नोकरीवर प्रत्यक्ष गदा आली नसेल तर मानसिक त्रासाची भरपाई २५,००० डॉलरच्या वर जाणार नाही.

म्हणजे मागणी किती बेताची होती ते बघा. त्यात एक गोष्ट मात्र नवी होती. तुम्ही कोण आहात, हे या विधेयकात कुठेच विचारलेलं नव्हतं. तुमच्याशी काय वागलं गेलं, एवढंच विचारलं होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये एक छान रीत आहे. कुणीही साधा नागरिक आपल्या आमदारामार्फत विधेयक मांडायला लावू शकतो, आणि विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होते. २००९ पासून तिथे हे विधेयक दर अधिवेशनात येत होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका युनियनने ते उचलून धरलं होतं. आम्ही गेलो त्या वर्षी बीकन हिलवरच्या सोनेरी घुमटाच्या विधानभवनात आम्ही पाच तास थांबलो. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. माझ्याआधी एक शिक्षिका बोलली, एक बसचालक बोलला, एका आईने आपल्या मुलाबद्दल सांगितलं, तो आता नव्हता. मग आमचे मोठे साहेब बोलले. त्यांचा आवाज दोनदा बंद पडला.

मी घरून लिहून नेलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'मी एक मुस्लिम स्थलांतरित स्त्री आहे.' खुर्चीत बसल्यावर मी ते वाक्य गाळलं. का गाळलं, ते तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "मी रक्त तपासते. नळीवर नाव असतं, पण नावावरून आम्ही तपासणीची पद्धत बदलत नाही. मला आणि माझ्या सहकाऱ्याला एकच दुखापत झाली आहे. त्यांचं नाव वेगळं आहे आणि माझं वेगळं. तुमचा कायदा आम्हाला आधी नाव विचारतो." तीन मिनिटांची घंटा वाजली तेव्हा माझं अर्धं राहिलं होतं.

विरोधात मालकांच्या संघटनांचे लोक होते. त्यांचं म्हणणंही न्यायाने सांगायला हवं. ते म्हणाले, कडक साहेब आणि छळणारा साहेब यांतली रेषा कोण ओढणार? कामात कच्चा असलेला माणूस उद्या उठून दावा लावेल. छोट्या धंद्याला एका खटल्याचा खर्चही झेपणार नाही. यातला पहिला प्रश्न खरा आहे. मी स्वतः त्यावर विचार केला आहे. माझी पहिली सुपरवायझर फार कडक होती. चूक झाली की रागवायची. पण ती चूक दाखवायची आणि दुरुस्त करायला शिकवायची. दुसरी मला शिकू द्यायची नाही आणि मग येत नाही म्हणायची. हा फरक मला कळत होता, प्रयोगशाळेतल्या सफाई कामगारालाही कळत होता. न्यायाधीशाला कळणार नाही असं मला वाटत नाही. आणि इंडियाना राज्यात तो कळलाही होता. तिथे एका हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराने शस्त्रक्रियेतलं यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञावर मुठी आवळून धाव घेतली होती. ज्यूरीने तंत्रज्ञाला ३,२५,००० डॉलर देववले आणि २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पण तिथे अंगावर धावून जाणं होतं, म्हणून जुना कायदा लागू पडला. जो कधी आवाजही चढवत नाही, अशा साहेबाचं काय?

त्या रात्री मी गावी फोन केला. अब्बांना सांगितलं की मी आज सरकारपुढे जाऊन बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा सेठ पासपोर्ट ठेवून घ्यायचा. आणि सगळ्यांसमोर चहा ओतायला लावायचा, मी फोरमन असताना." बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते कुवेतहून कायमचे परत येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

विधेयकाचं काय झालं? समितीने ते 'अधिक अभ्यासासाठी' बाजूला ठेवलं. तिथे त्याचा अर्थ असतो, या वेळी नाही.

इतर राज्यांची हकीकतही अशीच आहे. कॅलिफोर्नियात हे विधेयक सगळ्यात आधी, २००३ मध्ये आलं आणि पडलं. न्यूयॉर्कच्या सिनेटने २०१० मध्ये ते मंजूर केलं, पण दुसऱ्या सभागृहात अडकलं. न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ मध्ये फक्त सरकारी नोकरांपुरतं एक विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, तर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. टेनेसीने त्याच वर्षी कायदा केला, नावही तेच ठेवलं. पण आत काय? सरकारी संस्थांनी छळविरोधी धोरणाचा कागद स्वीकारला, की मानसिक त्रासाच्या दाव्यांतून त्यांना संरक्षण. २०१९ मध्ये ते संरक्षण खासगी मालकांनाही दिलं. कामगाराला ढाल द्यायची होती, ती मालकाच्या हाती गेली. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून साहेबलोकांच्या प्रशिक्षणात छळाचा विषय सक्तीचा केला. आधी ५० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना, पुढे ५ माणसांच्याही. युटाने सरकारी खात्यांत प्रशिक्षण आणलं. प्रशिक्षण चांगलंच आहे, पण त्याने दावा लावता येत नाही.

खरा कायदा झाला तो पोर्तो रिकोत, ७ ऑगस्ट २०२० रोजी. ते अमेरिकेचं राज्य नाही, तिच्या ताब्यातलं बेट आहे. तिथे आधी कंपनीत तक्रार, मग मध्यस्थी, आणि त्यानेही भागलं नाही तर न्यायालय. लहान-मोठ्या सगळ्या मालकांना तो लागू आहे. तीसेक राज्यांनी जे केलं नाही, ते एका गरीब बेटाने केलं.

अमेरिका यात पहिली तर नाहीच. स्वीडनने १९९३ मध्येच नियम केला, हाइन्झ लेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासानंतर. फ्रान्सने २००२ मध्ये, क्वेबेकने २००४ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०११ मध्ये फौजदारी कायदा कडक झाला, तो एका कॅफेत काम करणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीच्या आत्महत्येनंतर. तिच्या आईवडिलांनी तो मिळवला.

मग अमेरिकेत इतकी वर्षं का लागतात? पैसेवाल्या संघटनांचा विरोध हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छळलेल्या माणसांची संघटना होत नाही. तो माणूस नोकरी सोडतो, समझोत्याच्या कागदावर गप्प राहायची सही करतो, आणि लाजेने कुणाला सांगत नाही. ज्यांचा धर्म, रंग किंवा जात एक असते ते एकत्र येतात. पायरीवर बसून रडणाऱ्यांची वस्ती नसते, मोहल्ला नसतो.

आता आपल्याकडे येते. आपल्याकडे काय आहे?

बाईचा लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. १९९७ च्या विशाखा निकालापासूनची ती लढाई आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, नसेल तर जिल्ह्यात स्थानिक समिती. दलित-आदिवासींसाठी अत्याचारविरोधी कायदा आहे. महाविद्यालयात रॅगिंग झालं तर महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर असा कायदा होतो, हे आपण करून दाखवलं आहे.

डॉ. पायल तडवी तुम्हाला आठवत असतील. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजाच्या, म्हणजे आदिवासीही आणि मुस्लिमही. मुंबईत नायर रुग्णालयात शिकत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. वरिष्ठांनी छळ केल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात आहे आणि दोष कुणाचा ते न्यायालय ठरवील. मला एवढंच दाखवायचं आहे की त्या प्रकरणात रॅगिंगविरोधी कायदा लावता आला, कारण त्या विद्यार्थिनी होत्या. अत्याचारविरोधी कायदा लावता आला, कारण त्या आदिवासी होत्या. आता कुठल्याही रुग्णालयातली एक कंत्राटी परिचारिका डोळ्यांसमोर आणा. ती विद्यार्थिनी नाही. ती अनुसूचित जाती-जमातीची नाही. छळ लैंगिक नाही. तिने कुठे जायचं? ती जिवंत असेपर्यंत कायदा तिला जवळपास काही देत नाही. ती मेली तर मात्र आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं कलम जागं होतं.

ही परिचारिका हिंदू असेल, ख्रिस्ती असेल, तुमची बहीण असेल. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राच्या कायद्यांशी विसंगत होणार नाही याची काळजी घेऊन राज्य त्यावर कायदा करू शकतं. त्यासाठी कुणीतरी मागायला हवं.

आणि म्हणून मी तुमच्याकडे आले आहे. आपण मुस्लिम तरुण जेव्हा हक्कांबद्दल बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा मुसलमान म्हणून बोलतो. त्याला कारण आहे. नाव ऐकून घर नाकारलं जातं, अर्ज बाजूला पडतो. त्या भेदभावाविरुद्ध लढायलाच हवं, आणि मी एक शब्दही मागे घेत नाही. पण प्रत्येक जखमेवर 'मी मुसलमान म्हणून' असं लिहिल्याशिवाय ती दाखवता येत नसेल, तर आपण फार एकटे पडतो. जिन्यावर रडणारा माणूस आपल्याला दिसत नाही, आणि त्याला आपण दिसत नाही. सगळ्यांसाठीचा कायदा मागायला आपण पुढे उभे राहिलो, तर आपल्याकडे बघायची लोकांची नजरही बदलेल. बदलली नाही तरी कायदा आपल्याही कामाचा आहे.

आणखी एक कडू गोष्ट. छळणारे नेहमी परकेच असतात असं नाही. आपल्याच गॅरेजमधला बारा तास राबणारा पोऱ्या, आपल्याच बेकरीतला कारागीर, आपल्याच समाजाच्या शाळेत अर्ध्या पगारावर सह्या करणारी शिक्षिका, तिला ट्रस्टी सगळ्यांसमोर काय बोलतात ते तुम्ही ऐकलं आहे. 'तुम्ही कोण' हे न विचारणारा कायदा मालकालाही ते विचारणार नाही. तो आपल्याही दारात येईल. ते चालणार असेल तरच मागा.

अम्मी 'सबर कर' म्हणायची, त्याबद्दल मी तिच्यावर रागावत नाही. पण सबर म्हणजे टिकून राहणं, असं मी आता मानते. गिळत राहणं म्हणजे सबर नव्हे. टिकायचं तर हातात काहीतरी लागतं. म्हणून आज तुमच्यापैकी जो कुणी हे सोसत असेल, त्याने घरी गेल्यावर एक वही करावी. तारीख, वेळ, काय झालं, काय शब्द वापरले, समोर कोण होतं. रोजच्या रोज, आपल्या स्वतःच्या वहीत, ऑफिसच्या संगणकावर नाही. आणि एका सहकाऱ्याला दाखवावी. माझ्या आणि मोठ्या साहेबांच्या वह्या त्या रात्री शेजारी ठेवल्या नसत्या, तर मी आजही शोधत असते की माझ्यात काय वाईट आहे.

माझं पुढे काय झालं म्हणाल तर, मी ती नोकरी सोडली. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये लागले, मग काही वर्षांनी भारतात परत आले. ती सुपरवायझर पुढे वरच्या पदावर गेली. मोठे साहेब निवृत्त झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये अजून तो कायदा नाही. विधेयक मात्र पुन्हा पुन्हा येतं, आणि अलीकडे तिथे त्याच विषयावर दुसरा, अधिक व्यापक मसुदाही आला आहे. सुनावणी असली की मोठे साहेब कोट घालून जातात, तीन मिनिटं बोलतात आणि घरी येतात. संध्याकाळी मला निरोप येतो, 'झालं. या वेळी आवाज बंद पडला नाही.'

आता तुमचे प्रश्न विचारा.